'सहर' की 'अरक'? आणि 'इलाज बिल्-कलाम'ला मराठीत काय म्हणाल?

पुणेरी दुभाषी:
पुण्यात उपचारांसाठी येणाऱ्या अरबी भाषकांसाठी मी दुभाषाचं काम करते. निद्रानाशाला अरबीत 'अरक' म्हणतात आणि गोळ्यांऐवजी बोलून केलेल्या उपचाराला 'इलाज बिल्-कलाम'. त्याला 'संवादोपचार' म्हणावं का? शिवाय एक चूक कबूल करते. एक इराकी आजोबा म्हणाले, 'सहरान लिल्-फज्र.' मी डॉक्टरांना सांगितलं, 'पहाटेपर्यंत झोप लागत नाही.' दोन भेटींनंतर कळलं, आजोबा पहाटेपर्यंत भाच्यांबरोबर पत्ते कुटत बसायचे!

रात्रपाळी:
'सहर' म्हणजे जागरण. गप्पांचं असो, नाहीतर आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेलं. 'सहरा' तर रात्रीची मैफलच. 'अरक'मध्ये अंथरूण घातलेलं असतं, दिवा मालवलेला असतो आणि तरी डोळ्याला डोळा लागत नाही. जागरण आपण करतो, अरक आपल्याला होतो. तुम्ही एवढंच विचारायला हवं होतं, 'झोपायला म्हणून पडला होतात का?'

देवनागरीत लिहिताना जपून. गझलेतली 'सहर' म्हणजे पहाट, तो वेगळा शब्द. त्यातला 'ह' घशातून येतो आणि रमजानची सहरी त्याच्याच घरची. आपला बाटलीतला 'अर्क'ही अरबीच, पण या 'अरक'शी त्याचं नातं नाही. त्याचा मूळ अर्थ घाम!

जुनी वही:
'इलाज' तर आपलाच आहे, अडचण 'कलाम'ची. बोलीत 'कलाम फादी' म्हणजे पोकळ बडबड. 'बोलून कुठे झोप येते?' असं रुग्णाला वाटलं तर नवल नाही. डॉक्टरी नाव 'अल्-इलाज अल्-मअरिफी अस्-सुलूकी', म्हणजे जाणिवेचा आणि वागणुकीचा. (आपलं 'मारफत' याच मअरिफाचं.) त्यात बोलण्यापेक्षा करायचंच जास्त. रोज झोपेची वही लिहायची, पेंग आल्यावरच पलंगावर जायचं, वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठायचं. पलंगावरचा वेळही आखडतात, सहसा ५ तासांखाली नेत नाहीत. ४ ते ८ भेटींत काम होतं. प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर आधी हाच उपचार द्या, गोळ्या नंतर, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये सांगितलं. माझ्या मते 'संवादोपचार' दिशाभूल करतो. रुग्णाला 'झोपेची घडी बसवणं' म्हणा, लगेच कळेल.

पुणेरी दुभाषी:
'झोपेची घडी' उचलली! पण वहीत फज्रचा घोळ होतो. बरेचजण पहाटेच्या नमाजाला उठून पुन्हा आडवे होतात. 'किती वाजता उठलात?' या एका प्रश्नाला दोन उत्तरं येतात, म्हणून मी आता दोन रकाने आखते. आणि 'कैलूला'ला, म्हणजे दुपारच्या डुलकीला, वामकुक्षी चालेल ना?

रात्रपाळी:
नको. वामकुक्षी जेवणानंतरची, डाव्या कुशीवरची, आणि सांगणारा ती नेहमी दहाच मिनिटांची सांगतो. सरळ 'दुपारची झोप' लिहा आणि पुढे मिनिटं.