मदत हवी आहे: तंबोऱ्याच्या खोलीत ठेवायला बिनआवाजाचा, फक्त एसएसडीवाला होम सर्व्हर

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरहून लिहितेय, लश्करमध्ये आमचं जुनं घर आहे. बाबा गाणं शिकवतात, रोज संध्याकाळी सहा ते नऊ घरीच शिकवणी असते. आजोबांच्या वेळेपासूनच्या घरगुती बैठका कॅसेटवर आहेत, मोजल्या तेव्हा ४१० निघाल्या, सी-६० आणि सी-९० मिळून. दोन वर्षं झाली, सुट्टीच्या दिवशी बसून मी त्या कॉम्प्युटरवर उतरवतेय आणि त्या नीट ठेवायला हा सर्व्हर, म्हणजे घरात सतत चालू राहून फाईली देणारं मशीन, हवाय.

आधी सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होतं. मागच्या जूनमध्ये लाईट तीन-चार वेळा गेली-आली आणि दुसऱ्या दिवसापासून डिस्क टक् टक् करायला लागली, मग उघडायचीच बंद झाली. त्यात ६२ कॅसेटी होत्या. परत उतरवल्या, पण चार कॅसेटींची टेप दुसऱ्या वेळी हेडला चिकटून चिकटून आली, तपकिरी भुकटी पडत होती, त्या आता गेल्या त्या गेल्याच. त्यातल्या एकीवर आजोबांचा भूप होता. त्यामुळे या वेळी घाई करायची नाही, विचारूनच घ्यायचं असं ठरवलंय.

आता आवाजाचं. सध्या तात्पुरता जुना डेस्कटॉप लावलाय, ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेरे) दोन हार्ड डिस्क टाकून. फायबरचा राउटर आणि इन्व्हर्टरची लाईन दोन्ही मधल्या खोलीतच आहेत आणि भिंती दोन-दोन फूट जाड, पलीकडे वायफाय धड पोचत नाही, म्हणून मशीन तिथेच ठेवावं लागतं, आणि नेमकी तीच शिकवणीची खोली. पहिल्याच संध्याकाळी बाबा तंबोरा लावता लावता थांबले आणि म्हणाले, "हा कुठला स्वर येतोय?" मी मोबाईलवर ट्यूनर लावून बघितलं तर १२० हर्ट्झ. ७२०० भागिले ६०, सरळ हिशेब आहे, डिस्कची तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते तोच आवाज. बाबांचा सा काळी एक, म्हणजे १३८.६, आणि हे १२० पडतं मंद्रातल्या शुद्ध धैवत आणि कोमल निषादाच्या बरोबर मधे, ना इकडचं ना तिकडचं. मुलांचा कान तयार होत असतो, त्यात हा स्वर तीन तास सतत वाजत राहतो. आता शिकवणीच्या वेळी मशीन बंद ठेवते, पण मग विद्यार्थ्यांना जुनी रेकॉर्डिंग ऐकवता येत नाहीत. ५४०० आरपीएमच्या डिस्क घ्या असं कोणी सुचवेल, पण त्या ९० हर्ट्झला गुणगुणणार, प्रश्न तोच राहतो. म्हणून फक्त एसएसडी, तिच्यात फिरणारं काही नसतंच.

जागेचा हिशेब केलाय: २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टीरिओ म्हणजे मिनिटाला साधारण साडेचौतीस एमबी, एक सी-९० सव्वातीन जीबीच्या आत. सगळ्या सी-९० धरल्या तरी सव्वा टीबी आणि फ्लॅक (दर्जा न घालवता फाईल लहान करणारा प्रकार) केलं की जवळजवळ निम्मं. शिकवणीचे व्हिडिओ, घरचे फोटो धरून अडीच टीबी पुरे. बजेट लाखाच्या आत, मशीन चोवीस तास चालू राहणार. डेस्कटॉप मीटर लावून मोजला तर रिकामा बसूनही ५८ वॉट खातो, वर्षाचे ५०० च्या वर युनिट, ते पण कमी करायचंय.

माझ्या मनात असं आहे की इंटेल एन१०० प्रोसेसरचा पंखा नसलेला बोर्ड, १६ जीबी रॅम, २ टीबीच्या चार साटा एसएसडी (साटा म्हणजे डिस्क जोडायचा नेहमीचा पोर्ट), त्यासाठी साटाचं एक कार्ड, आणि वर ट्रूनॅस ही असा सर्व्हर चालवायची सिस्टीम. पण अडकलेय ती अशी की काही जण म्हणतात ट्रूनॅसच्या झेडएफएस फाईल सिस्टीमला ईसीसी (स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी) रॅम हवीच, मग रायझन प्रो घ्यावा लागेल आणि पंखा आलाच. दुकानदार क्यूएलसीवाल्या (एका सेलमध्ये चार बिट ठेवणाऱ्या) एसएसडी दाखवतोय, स्वस्त आहेत, घ्याव्यात का? आणि मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो, शिकवणी चालू असताना बाबा कूलरसुद्धा बंद करायला लावतात, तेव्हा बिनपंख्याचं मशीन टिकेल का? तिसरी कॉपी एका एसएसडीवर घेऊन इंदूरला आत्याकडे कपाटात ठेवायचा विचार आहे, तेही बरोबर आहे का सांगा.

प्रतिसाद १

ताई, चार कॅसेटींचं वाचून वाईट वाटलं. एन१०० वरच राहा, सहा वॉटचा प्रोसेसर आहे, फाईली द्यायला आणि गाणं ऐकवायला भरपूर झाला. ईसीसी असेल तर चांगलंच, पण झेडएफएस त्याशिवायही नीट चालतं, नवीन रॅम लावल्यावर एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालवा म्हणजे झालं.

चार ड्राइव्ह मात्र नको. ४ टीबीचे दोनच घ्या आणि मिरर करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, अडीच टीबी त्यात आरामात बसतं आणि कार्डाची गरजच संपते. एएसरॉकच्या एन१००डीसी-आयटीएक्स बोर्डावर साटाचे दोन पोर्ट आहेत, सिस्टीम टाकायच्या छोट्या एसएसडीसाठी एम.२ स्लॉट आहे, आणि तो बाहेरच्या १९ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर चालतो म्हणजे एसएमपीएसचा (आतल्या पॉवर सप्लायचा) पंखाही गेला. पुढे कधी कार्ड लागलंच तर एएसएम११६६ चिपवालं बघा, जेएमबी५८५ वाली कार्डं प्रोसेसरला नीट झोपू देत नाहीत, रिकाम्या वेळचे वॉट वाढतात.

क्यूएलसीचं भ्यायचं कारण तुमच्याकडे नाही. तिची कॅश (लिहिताना आधी वापरली जाणारी वेगवान जागा) भरली की लिहिण्याचा स्पीड पडतो, सॅमसंग ८७० क्यूव्हीओ ४ टीबी तेव्हा १६० एमबीच्या आसपास येते, पण तुमचं गिगाबिट नेटवर्कच सेकंदाला ११० देतं. एकूण किती लिहिता येईल याची हमी क्यूव्हीओची १४४० टीबी, क्यूएलसी नसलेल्या ८७० इव्होची २४००, तुम्ही आयुष्यात तेवढं लिहिणार नाही. तरी भावात थोडाच फरक असेल तर इव्हो घ्या, मी तेच केलं असतं. एकच सांगतो, दोन्ही ड्राइव्ह एकाच दिवशी एकाच दुकानातून घेऊ नका, एका लॉटमध्ये दोष असला तर दोन्ही बरोबरच जातात.

उन्हाळ्यासाठी जाळीची केस घ्या, भिंतीपासून वीतभर लांब, उभी ठेवा म्हणजे गरम हवा वर निघून जाते. पंखा नसला की धूळही आत कमी ओढली जाते, तुमच्याकडे लू चालते तेव्हा हे कामाचं आहे.

कपाटातली एसएसडी नको. लिहून लिहून पूर्ण घासलेली घरगुती एसएसडी बिनविजेची ३० अंशांत एक वर्ष डेटा धरेल एवढीच स्टँडर्डची अपेक्षा आहे आणि उष्णता वाढली की ती मुदत कमी होते. नवी जास्त टिकते, पण वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला साधी हार्ड डिस्क बरी. इंदूरला तंबोरा नाहीये ना? दर दिवाळीला आणून ताजी करा आणि स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) चालवा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, फक्त लाईटचं राहिलं. इन्व्हर्टरच्या मागे बहुतेक वेळा यूपीएस मोडचा स्विच असतो, तो नॉर्मलवर असेल तर लाईट जाताना मशीन रीस्टार्ट होतं, आधी ते बघा. तरी मधे यूएसबीवाला छोटा ६०० व्हीएचा यूपीएस लावाच आणि ट्रूनॅसमधे यूपीएसची सर्व्हिस चालू करा, बॅटरी उतरली की सर्व्हर आपला आपण बंद होतो. यूपीएसचा बीप बंद करता येतो का ते घेताना विचारा, नाहीतर बाबा परत थांबतील.

आणि पंखा नाही म्हणजे आवाज नाही असं धरू नका. स्वस्त अ‍ॅडाप्टर आणि बोर्डाची कॉइल बारीक शिट्टीसारखी वाजते, मोठ्या माणसांना कधी ऐकू येत नाही पण लहान मुलांना येते.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. इन्व्हर्टर बघितला, स्विच नॉर्मलवरच होता, इतकी वर्षं कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, आता यूपीएसवर केलाय. दोन इव्हो वेगवेगळ्या दुकानांतून सांगितल्यात, बोर्ड पुढच्या आठवड्यात येईल. शिट्टीचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडे सात वर्षांची एक मुलगी शिकायला येते, तिचा कान फार तीक्ष्ण आहे, मशीन लावलं की सगळ्यात आधी तिलाच खोलीत बसवून विचारणार आणि तिला ऐकू आलं तर अ‍ॅडाप्टर बदलून घेणार. काय होतं ते इथेच लिहिते.