विषय: वेंगुर्ला – वाइनच्या बाटल्या कुठून घ्यायच्या?

नंदिनी:
मंडळी, घाई आहे. होमस्टेच्या वहिनींना रविवारपर्यंत आकडा द्यायचाय. वेंगुर्ल्याच्या आपल्या मेळाव्यासाठी वाइन आणि चीज मिळून माणशी 400 रुपये उरतात, माणसं 40. गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरणाऱ्यांनी तिथूनच दोन-दोन बाटल्या उचलल्या तर बसेल का? हो की नाही एवढंच कळवा.

प्रसाद:
नाही. गोव्याच्या सीमेजवळ इन्सुलीला उत्पादन शुल्कवाल्यांचा नाका आहे, डिसेंबरअखेरीस डिक्या उघडायला लावतात. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, वाइनसुद्धा त्यातच आली. बाटल्या जातील, वर गाडी अडकेल. गाडी भाड्याची, ड्रायव्हर आमच्या सावंतवाडीचा. उगाच त्याच्या पोटावर पाय नको.

शेखर:
प्रसादने नेहमीप्रमाणे घाबरवलंच. सातार्ड्याकडून गेलं की इन्सुली लागतच नाही. आम्ही दर सुट्टीत तसेच जातो.

प्रसाद:
शेखर, वाट बदलली म्हणून कायदा बदलत नाही. आणि वाचणार काय? गोव्यात खरी स्वस्त मिळते ती व्हिस्की-रम. महाराष्ट्रातल्या द्राक्षांच्या वाइनला 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात उत्पादन शुल्कात सूट मिळाली होती. नाशिकची बाटली गोव्यात जाऊन घ्यायची आणि लपवत परत महाराष्ट्रात आणायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? सावंतवाडीत घेऊ. पिण्याचा एका दिवसाचा परवानाही दुकानातच मिळतो.

वैशाली:
बाटल्यांवरून भांडण्याआधी किती लागतात ते बघा. 750 मिलीच्या बाटलीत 100 मिलीचे सात ग्लास निघतात. माणशी दोन धरले तर 12 बाटल्या. बाटलीला 800 धरा, 9,600 झाले. चीजला 6,400 उरतात आणि माणशी 50 ग्रॅमने दोन किलो पुरे, कारण वहिनींचं जेवण मागे आहेच.

आता मुख्य गोष्ट. रेड कमी घ्या, तीन बाटल्या बास. बहुतेक चीजबरोबर व्हाइटच जास्त जमते, रेडमधलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा, मऊ चीजला कडू करतं. शेनिन ब्लां ही व्हाइट जरा गोडसर असते, ती गौडा चीजबरोबर. अमूलचा गौडा चालेल, क्यूब मात्र नकोत, प्रोसेस्ड चीजला सगळीकडे एकच खारट चव. मुंबईहून येणाऱ्यांपैकी कोणी पारशी टोपली पनीर आणलं तर त्यावर मिरपूड घालून सोव्हिन्यों ब्लां या दुसऱ्या व्हाइटबरोबर देता येईल. परदेशातून येणाऱ्यांनी मुरलेल्या चेडरची एक लादी आणावी, कडक चीज प्रवासात टिकतं. ब्रीसारखं मऊ चीज आणू नका, वेंगुर्ल्यापर्यंत त्याची खीर होईल.

युरोपात लोक चीजबरोबर क्विन्स नावाच्या फळाची वडी ठेवतात. आपण आंबापोळी ठेवू. कात्रीने बोटभर पट्ट्या कापायच्या आणि चेडरच्या पातळ कापावर एकेक गुंडाळायची. शेजारी भाजलेले काजू. क्रॅकर्सचे पैसे वाचतात.

अनंतकाका:
वैशाली, सगळं ठीक, पण बोंबील फ्राय कुठे गेले? गुहागरच्या मेळाव्याला बोंबील होते म्हणून तर लोक थांबले.

वैशाली:
काका, बोंबील ठेवा, पण रेडबरोबर नको. रेडमधल्या लोहामुळे माशाचा वास तोंडात उठतो. आणि सोलकढी नंतर, जेवणात. आंबटावर वाइन पाणचट लागते.

शेखर:
गुहागरला मेनू मी केला होता, कोणी विचारलं म्हणून सांगतो. रेड रूम टेंपरेचरलाच होती आणि सगळ्यांनी प्यायली.

वैशाली:
ते रूम टेंपरेचर म्हणजे युरोपातल्या खोलीचं, 16 ते 18 अंश. आपल्या ओसरीवर 30 असतात. रेडही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायची.

प्रसाद:
कुठल्या फ्रिजमध्ये? वहिनींच्या फ्रिजमध्ये सुके बांगडे असतात, चीजला वास लागेल, हवाबंद डबे आणा. बाटल्यांसाठी टब. बंदरावरचा बर्फ नको, त्यालाही मासळीचा वास येतो, बाजारातून आणू. बर्फात पाणी आणि मूठभर मीठ टाकलं की वीस मिनिटांत बाटली गार होते. नुसत्या बर्फात तास जातो.

अनंतकाका:
मग बोंबील नक्की ना?

नंदिनी:
हो-नाही विचारलं होतं! असो. 12 बाटल्या सावंतवाडीहून, प्रसाद आणणार. चेडर कोण आणतंय? शेखर, तुम्ही डबे आणा. स्क्रू कॅपच्या बाटल्या बघा, कॉर्क ओपनर मागच्या वेळी कुणाच्या बॅगेत गेला ते अजून कळलेलं नाही.

खजिनदार:
दुकानाची पक्की पावती हवी, कच्च्या चिठ्ठीवर पैसे मिळणार नाहीत. बोंबील जेवणाच्या खात्यात टाका, वाइनच्या नव्हे.