झाडावर करवत चालवताना कोणता पट्टा वापरावा?

प्रश्न: पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची कामे मी सोसायट्यांकडून घेतो. उंच गुलमोहरावर चढून पेट्रोलवरची करवत चालवताना बांधकामावरचा सेफ्टी बेल्ट पुरेसा ठरतो का?

उत्तर १: नाही. तो पट्टा पडणाऱ्याला अडवण्यासाठी असतो. दोरावर भार टाकून काम करायचे तर कंबर आणि मांड्या तोलणारा हार्नेस लागतो. करवत सुरू करण्यापूर्वी स्वतःला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधून घ्यावे आणि त्यांपैकी एक दोर पोलादी गाभ्याचा असावा, कारण फिरत्या साखळीचा ओझरता स्पर्शही साध्या दोराला तोडू शकतो. गुलमोहराचे लाकूड ठिसूळ असल्याने दोर खोडालाच बांधलेला बरा.

उत्तर २: करवतीसाठी खास विजार मिळते, तिच्यातील लांब तंतू साखळीत गुंतून ती थांबवतात. उन्हाळ्यात ती असह्य होते, हे मान्य. म्हणून आम्ही छाटणी सकाळीच उरकतो. करवत एका हाताने चालवण्याची सवय मात्र सर्वांत घातक आहे, कारण साखळी जिच्यावर फिरते त्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागताच ती उसळून अंगावर येते.

उत्तर ३: जवळ विजेची तार असल्यास पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत झाडावर चढू नये. ओल्या फांदीतूनही वीज वाहते.