मदत हवी आहे: नवीन देशात परत येणारा माल हिशेबात किती धरायचा?

ऑनलाइन विक्रीसाठी देश जोखताना मागणीचा अंदाज जमतो. गूगल ट्रेंड्सवर (लोक कोणता शब्द किती शोधतात ते दाखवणारी साइट) 5 वर्षांचा आलेख बघितला की हंगामी उसळी फसवत नाही. शोधशब्द मात्र तिथल्या भाषेतलेच हवेत. एचएस कोडचे (सीमाशुल्कासाठी मालाच्या प्रकाराला दिलेला क्रमांक) पहिले 6 अंक जगभर सारखे, पुढचे त्या देशाच्या यादीतून घेतले की सीमाशुल्क कळतं. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन (सेंटीमीटरमध्ये लांबी×रुंदी×उंची, बहुतेकदा भागिले 5000) यांतलं जास्त ते लावतात. हलक्या पण फुगीर मालाचा नफा तिथेच उडतो!

अडतंय ते परत येणाऱ्या मालावर. एकही ऑर्डर नसताना प्रमाण कशावरून धरता? स्पर्धकांच्या एक-दोन स्टारच्या रिव्ह्यूंमधून कारणं कळतात, टक्केवारी नाही. आणि स्वस्त वस्तू परत न मागवता नुसते पैसे परत करायचे, तर ते कितीच्या खाली परवडतं?