हीट एक्स्चेंजरच्या हाउसिंगला खड्डे, कोल्ड स्प्रेने भरतील का?

मालिमचा_ट्रॉलर
नमस्कार मंडळी, 1 जूनपासून मासेमारीला बंदी आहे म्हणून इंजिन उघडलंय, तर हीट एक्स्चेंजरच्या (इंजिनचं पाणी थंड करतो तो) ॲल्युमिनियम हाउसिंगला रबरी ओ-रिंग बसते नेमके तिथेच खाऱ्या पाण्याने खड्डे पडलेत, दीड-दोन मिलिमीटर खोल असतील. वेल्डर म्हणतो जुनं कास्टिंग आहे, टिग वेल्डिंगचा ताव लागला की वाकडं होईल नाहीतर तडकेल. नवीन पार्टचा भाव ऐकून बाबा गप्पच बसले. कोणीतरी कोल्ड स्प्रे सुचवलं, हार्डवेअरच्या दुकानात विचारलं तर त्याने एक स्प्रेचा डबा काढून दिला. हेच का ते? 31 जुलैच्या आत काम व्हायला पाहिजे.

वेर्णा_मशीनशॉप
डबा परत कर भाऊ, तो लोखंडावर मारायचा झिंकचा रंग, त्याला कोल्ड गॅल्व्हनायझिंग म्हणतात, त्याने खड्डा भरत नाही. खरं कोल्ड स्प्रे म्हणजे दाबाखालची गरम हवा किंवा नायट्रोजन, मध्ये चिंचोळा आणि पुढे रुंद होत जाणारा नोझल, आणि त्यातून धातूची पावडर आवाजाच्या वेगापेक्षा जोरात, सेकंदाला 500 मीटर किंवा जास्तच, जॉबवर, म्हणजे दुरुस्त करायच्या भागावर, आपटते. पावडर वितळत नाही, कण चपटा होतो, वरची ऑक्साइडची साल फुटते आणि धातूला धातू चिकटतो. वेग कमी पडला तर कण नुसते उडून जातात. जॉब फार तापत नाही म्हणून वाकडा होत नाही, तुझ्या कामाला हाच मोठा फायदा. 1980 च्या दशकात रशियात नोवोसिबिर्स्कला विंड टनेलमध्ये प्रयोग करताना हे सापडलं, मला अजून त्याचं नवल वाटतं.

जुना_फिटर
वरचं बरोबर आहे, पण तयारी नीट नसेल तर सगळं फुकट. खड्ड्यात मीठ आणि तेल मुरलेलं असतं, आधी गोड्या पाण्याने भरपूर धू, तेल काढ, गंजाची पांढरी पावडर गेली पाहिजे, मग ब्लास्टिंग (बारीक कणांचा मारा करून पृष्ठभाग खरवडायचा), आणि ब्लास्टिंग झालं की लगेच स्प्रे. स्प्रेची पावडर ॲल्युमिनियमचीच घ्यायला सांग, त्यात ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं कडक ऑक्साइड) मिसळलेलं असलं तर आणखी बरं. कोणी तांबं मारूया म्हणाला तर ऐकू नको, खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचं ॲल्युमिनियम आणखी झपाट्याने खाल्लं जातं. थर जरा जास्त घेऊन मग बोअर करून मापाला आणायचा.

मालिमचा_ट्रॉलर
डबा परत केला, थँक्स. पाण्याच्या वाटेत आतपण दोन खड्डे आहेत आणि बोल्टच्या कानाला बारीक चीर आहे, तेपण होईल का एकदमच?

वेर्णा_मशीनशॉप
नोझलला समोरून जागा दिसली पाहिजे, खोल वळणात पोचत नाही. आणि चिरेवर मारू नको, मारलेला थर ठिसूळ असतो, बोल्टचा ताण झेलणार नाही. तो कान सुटला तर भर समुद्रात इंजिन तापेल, त्यामुळे आधी डाय पेनिट्रंट (चिरेत शिरून ती दाखवणारा रंग) मारून चीर किती लांब गेलीय ते बघ, पुढे गेली असेल तर स्प्रेचा खर्च करूच नको, हाउसिंग बदल. तेवढीच असेल तर ओ-रिंगची सीट करून घे आणि बसवायच्या आधी प्रेशर टेस्ट नक्की कर.