पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यावरील छपाई : आर्टवर्क बदलावे की छपाईची पद्धतच बदलावी? (मदत हवी आहे)

नमस्कार.

काचेच्या बरण्यांसाठी लागणाऱ्या कोरुगेटेड खोक्यांच्या छपाईबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. खोके तीन प्लायचे (तीन थरांचे), बी फ्लूटचे (फ्लूट म्हणजे आतली पन्हळ), बाहेरून ४०० × ३०० × २५० मिलिमीटरचे असून वरखाली झडपा असलेल्या नेहमीच्या ०२०१ प्रकारचे आहे. एका खेपेला ३,००० खोकी लागतात. आर्टवर्क सर्वांचे एकच असले तरी बरणीच्या मापानुसार एका बाजूवरचा तपशील बदलतो आणि असे चार प्रकार होतात.

पहिल्या खेपेत माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. बरणीच्या लेबलाचे आर्टवर्क तयार होते. ते ऑफसेटसाठी आणि चकचकीत पांढऱ्या कागदासाठी केलेले होते. तेच मोठे करून मी खोक्याच्या डायलाइनवर, म्हणजे कापण्या-घडीच्या आराखड्यावर, बसवले आणि छपाईला दिले. छपाई मात्र तपकिरी क्राफ्ट कागदावर थेट फ्लेक्सोने, म्हणजे लवचीक उठावाच्या प्लेटांनी, झाली. आलेले खोके उजेडात तिरपे धरले तेव्हा गडद हिरव्या पट्ट्यावर सुमारे सहा-साडेसहा मिलिमीटरच्या अंतराने उभ्या रेघा दिसल्या, म्हणजे आतल्या पन्हळींचा ठसा बाहेर उमटला होता. हिरव्यातून पिवळ्यात विरत जाणारी छटा मध्येच कापल्यासारखी संपली होती आणि पिवळा रंग मातकट झाला होता. सर्वांत जास्त वाईट वाटले ते मजकुराचे. हिरव्या पट्ट्यात उलट्या पद्धतीने, म्हणजे अक्षरांच्या जागी पुठ्ठ्याचाच रंग ठेवून घेतलेल्या सात पॉइंटच्या ओळीत ‘ठ’ आणि ‘व’ यांच्या बारीक रेषा शाईने भरल्या, ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसू लागले आणि अनुस्वार तर पूर्ण नाहीसे झाले. बारकोड स्कॅनरने वाचला नाही. पट्टा भरीव यावा म्हणून छपाईच्या वेळी दाब वाढवला असावा, कारण त्या जागी पुठ्ठा बोटाने दाबला तरी मऊ लागतो. काचेच्या मालासाठी ही गोष्ट मला सर्वांत काळजीची वाटते.

माझे प्रश्न असे आहेत. फ्लेक्सोच ठेवून आर्टवर्क नव्याने करावे, की ऑफसेटवर छापलेला कागद पुठ्ठ्यावर चिकटवून घ्यावा, की थेट डिजिटल छपाई करावी? फ्लेक्सो ठेवल्यास देवनागरी मजकुराचे लहानात लहान माप कोणते धरावे, आणि बारकोडचे काय करावे?

प्रतिसाद १

मी स्टिरिओ, म्हणजे फ्लेक्सोच्या प्लेटा, बनवण्याच्या कामात आहे. तुमच्या वर्णनावरून मशीनचा दोष कमी आणि आर्टवर्कचा जास्त वाटतो, त्यामुळे पद्धत बदलण्याआधी आर्टवर्क बदलून पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे.

पुठ्ठ्याचा पृष्ठभाग सपाट दिसत असला तरी पन्हळीच्या माथ्यावर लायनरला, म्हणजे बाहेरच्या सपाट कागदाला, आधार असतो आणि दोन माथ्यांच्या मधे नसतो. प्लेट टेकते तेव्हा माथ्यावर दाब जास्त पडतो, शाई पसरते आणि तुम्हाला दिसल्या त्या रेघा तयार होतात. दाब वाढवून हा दोष जात नाही. उलट पन्हळ चेपते आणि रचून ठेवलेल्या खोक्यांचा भार सहन करण्याची ताकद कमी होते. म्हणून मोठा भरीव पट्टा काढून टाका किंवा त्याचे क्षेत्र बरेच कमी करा. भरीव भाग आणि बारीक अक्षरे एकाच रंगात असली तरी शक्य असल्यास त्यांच्या प्लेटा वेगळ्या ठेवाव्यात, कारण भरीव भागाला जास्त शाई वाहून नेणारा अनिलॉक्स रोलर लागतो आणि तीच शाई अक्षरांची पोटे भरून टाकते.

विरत जाणारी छटा क्राफ्टवर घेऊच नका. फ्लेक्सोमध्ये अगदी लहान ठिपका प्लेटवर टिकत नाही, म्हणून छटा शून्यापर्यंत न उतरता एका कडेशी तुटते. चार रंगांच्या मिश्रणाऐवजी दोन किंवा तीन ठरलेले स्पॉट रंग (आधीच मिसळून तयार केलेल्या शाया) घ्या आणि ते छापील रंगपट्टीवर न ठरवता खोक्याला लागणाऱ्या क्राफ्टच्याच तुकड्यावर शाई ओढून ठरवा. पाण्यावर आधारित शाई पारदर्शक असते, त्यामुळे खालचा तपकिरी रंग तिच्यात मिसळतोच आणि पिवळ्याचे नुकसान सर्वांत जास्त होते. पिवळा अत्यावश्यक असेल तर पांढरा लायनर मागवा.

अक्षरांबाबत माझा रोजचा नियम सांगतो. लॅटिन लिपीत सरळ मजकूर आठ-दहा पॉइंटवर चालतो. देवनागरीत मात्र शिरोरेषा, जोडाक्षरे आणि वर-खालच्या मात्रा यांमुळे मी १२ पॉइंटच्या खाली जात नाही आणि उलट्या मजकुराला किमान १६ पॉइंट व जाड वळणाचा टाइप घेतो. दोन रंग एकमेकांना भिडत असतील तर दीड मिलिमीटरपर्यंत सरक होईल असे गृहीत धरा. गडद रंग फिक्यावर चढवून छापणे सर्वांत सुरक्षित असते. घडीच्या रेघेपासून आठ-दहा मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि चिकटपट्टीवर (खोके जोडायच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर) शाई येऊ देऊ नका.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. प्लेट सपाट बनते आणि सिलिंडरवर गुंडाळल्यावर फिरण्याच्या दिशेने ताणली जाते. ३.९४ मिलिमीटर जाडीची प्लेट १,२०० मिलिमीटर परिघावर बसवली तर हा ताण सुमारे दोन टक्के होतो, म्हणजे २०० मिलिमीटरचे वर्तुळ एका दिशेने जवळजवळ चार मिलिमीटर लांबते. याची भरपाई प्लेट बनवणारा करतो. तुम्ही फाइल खऱ्या मापातच द्यावी. दोघांनीही भरपाई केली की वर्तुळ पुन्हा अंडाकृती होते.

प्रतिसाद २

बारकोडपुरते लिहितो. लेबलावरचा ईएएन-१३ (१३ अंकी बारकोड) हा बरणीसाठी आहे. बाहेरच्या खोक्यावर १४ अंकी आयटीएफ-१४ घ्यावा. त्याचे पूर्ण माप दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेसह सुमारे १४३ मिलिमीटर रुंद असते, आणि पुठ्ठ्यावर थेट छापताना ते ६२.५ टक्क्यांहून लहान करू नये. तुमची सर्वांत अरुंद बाजू ३०० मिलिमीटरची असल्यामुळे पूर्ण माप सहज बसेल. भोवतीची जाड चौकट शोभेची समजून काढू नका, कारण तिच्यामुळे प्लेटचा दाब सर्व रेघांवर सारखा राहतो. रेघा छपाईच्या दिशेला समांतर ठेवा, म्हणजे प्लेटच्या ताणाने त्यांची जाडी बदलत नाही. बारकोड खोक्याच्या तळापासून ३२ मिलिमीटर वर आणि उभ्या कडेपासून किमान १९ मिलिमीटर आत असावा. रंग काळा किंवा गडद निळा चालेल. लाल रेघा स्कॅनरच्या लाल प्रकाशात दिसतच नाहीत.

प्रतिसाद ३

कागद चिकटवण्याच्या पद्धतीचा विचार करत असाल तर आधी उलगडलेल्या खोक्याचे माप काढा. चार बाजू मिळून १,४०० आणि चिकटपट्टी ३५ धरली तर लांबी १,४३५ मिलिमीटर, आणि झडपांसह उंची ५५० होते. ऑफसेटच्या नेहमीच्या मशीनवर १,०२० मिलिमीटरपर्यंतचा कागद चालतो, त्यामुळे खोके दोन तुकड्यांत करून दोन कोपऱ्यांवर जोडावे लागेल. शिवाय चिकटवताना एका बाजूला ओलावा जास्त बसला तर पुठ्ठा वाकतो. दुकानाच्या फळीवर मांडायच्या खोक्यासाठी ही खटपट योग्य आहे, वाहतुकीच्या खोक्यासाठी मला ती अनावश्यक वाटते. डिजिटलमध्ये प्लेट लागत नाही आणि पुठ्ठ्यावर प्लेटचा दाबही पडत नाही, परंतु दर खोक्यामागचा खर्च संख्येबरोबर फारसा उतरत नाही. ३,००० ची खेप पुनःपुन्हा येणार असेल तर प्लेटांचा खर्च भरून निघतो.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वर्तुळाबाबतचा उलगडा वाचून जुने खोके पुन्हा मोजले, तर बोधचिन्ह उभ्या दिशेने तीन मिलिमीटर लांब निघाले. त्या फाइलमध्ये भरपाई झालीच नव्हती, असे दिसते. फ्लेक्सोच ठेवून दोन स्पॉट रंगांत नवे आर्टवर्क करतो आहे. चार प्रकारांसाठी चार पूर्ण संच करावे लागतील का?

प्रतिसाद १ यांचे उत्तर

नाही. समान भागाचा एकच संच ठेवा आणि बदलत्या तपशिलाची लहान प्लेट फक्त गडद रंगात, वेगळी करून घ्या. तो तपशील दुसऱ्या रंगाला भिडू देऊ नका, म्हणजे दर वेळी प्लेट बदलताना जुळवणीत वेळ जाणार नाही. आणि पहिली २५ खोकी निघाली की मशीन थांबवून पट्ट्याखालच्या पुठ्ठ्याची जाडी न छापलेल्या भागाशी मापून पाहा.