मदत हवी आहे: सोनोरन वाळवंटातली छोटी घळ, देशी वनस्पतींची यादी अपुरी का पडतेय?

कातळफूल

घळ अ‍ॅरिझोनात, टूसॉनजवळच्या डोंगरपायथ्याला. लांबी साधारण ९०० मीटर, तळ ८ ते २५ मीटर रुंद. कोरडा ओढा पूर्वेकडून पश्चिमेला उतरतो, त्यामुळे एक उतार दक्षिणेला तोंड करून, दुसरा उत्तरेला. जमीन खासगी आहे, मालकाची लेखी परवानगी आहे.

आतापर्यंत केलेलं: मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ३० मीटरच्या सहा टेपा आडव्या टाकल्या, दर ५० सेंमीला पिन सोडून जे लागेल ते लिहिलं. हाती आल्या ४१ जाती. सायनेटवर (वनस्पती-नमुन्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ) आजूबाजूच्या जुन्या हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहांच्या, नोंदी चाळल्या तर आकडा याच्या तिपटीहून मोठा दिसतो.

प्रश्न असे:
१. टेपा सहाच्या बारा केल्या तर फरक पडेल का?
२. एकाच खडकावर दोनदा जीपीएस घेतला तर २० मीटरचा फरक येतो. कोणता आकडा धरायचा?
३. पालोवर्दे (हिरव्या सालीची काटेरी झाडं) दोन प्रकारचे वाटतात, पण फुलं नसताना खात्री होत नाही. आणि बफेलग्रास हे बाहेरून आलेलं गवत नक्की कसं ओळखायचं?
४. नमुने दाबताना काय सांभाळायचं? निवडुंगांचं काय करायचं?

भिंगवाला

टेपा बारा करा नाहीतर चोवीस, यादी फारशी वाढणार नाही. टेप आच्छादन मोजते, म्हणजे कोणत्या झुडपाने किती जमीन व्यापली ते. एका टेपेवर तुमचे ६० बिंदू होतात. एखाद्या जातीचं आच्छादन १ टक्का असेल, तर ६० बिंदूंत ती एकदाही न लागण्याची शक्यता ५५ टक्के आहे. आणि वाळवंटातल्या बहुतेक जाती त्या एक टक्क्याच्याही खालीच असतात. यादी करायची असेल तर पायांनीच करावी लागते.

आधी घळीचे तुकडे पाडा. मी सहा पाडेन: ओढ्याची रेती, तिच्या काठचा मेस्कीटचा (काटेरी शेंगांच्या झाडांचा) पट्टा, दक्षिणाभिमुख उतार, उत्तराभिमुख उतार, कातळातल्या कपारी, आणि पाणी झिरपणाऱ्या जागा. शेवटच्या दोन जागा क्षेत्रफळाने किरकोळ असतात, म्हणून टेप त्यांच्यावर पडतच नाही. पण नेचे आणि सेलाजिनेला (शेवाळासारखी दिसणारी, नेच्यांच्या नात्यातली वनस्पती) तिथेच मिळतात. कोरड्या दिवसांत सेलाजिनेला राखाडी गुंडाळी होऊन मेल्यासारखी पडलेली असते. शंका आली तर बाटलीतलं थोडं पाणी शिंपडून ठेवा आणि परतताना पुन्हा बघा.

प्रत्येक तुकड्यात वेळ लावून शोध घ्या. २० मिनिटांची एक फेरी, त्या फेरीत नव्याने दिसलेल्या जातीच वेगळ्या लिहायच्या. सलग दोन फेऱ्यांत एकही नवी जात आली नाही की त्या तुकड्याचं त्या हंगामापुरतं काम झालं. फेऱ्यांचे आकडे जपून ठेवा. शोध कुठे थांबवला आणि का, हे उद्या कोणी विचारलं तर दाखवायला तेच असतात.

रेतीतळ

वर सांगितलंय ते बरोबरच, पण टेपा गुंडाळून ठेवू नका. पाच-दहा वर्षांनी बदल झाला का, हे फक्त त्याच सांगतील. टूसॉनच्याच टुमामोक टेकडीवर १९०६ पासून आखलेले कायमचे तुकडे आजही मोजले जातात, आणि त्यांची सगळी किंमत जागा पुन्हा सापडते यातच आहे.

म्हणून टेपेची टोकं तळातल्या रेतीत ठेवू नका. पावसाळ्यातला एक लोंढा लोखंडी खुंट्या घेऊन जातो. टोक पुराच्या खुणेच्या वर, जाग्यावरच्या कातळाशी बांधा. ही खूण म्हणजे झुडपांच्या फांद्यांत अडकलेला काडीकचरा. मग तिथून होकायंत्राची दिशा आणि अंतर लिहा, आणि टोकावर उभं राहून टेपेच्या दिशेने एक फोटो घ्या.

उतारावर ताणलेले ३० मीटर म्हणजे नकाशावरचे ३० मीटर नव्हेत, हेही धरा. ३५ अंशांच्या उतारावर आडवं अंतर २४.६ मीटरच भरतं. प्रत्येक टेपेचा कोन लिहा (फोनमधलं क्लिनोमीटर चालेल), नाहीतर दोन बाजूंची तुलना सदोष राहील.

जीपीएसचं असं आहे की अरुंद घळीत उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून वळसा घेऊन येतो. त्यामुळे दोन्ही आकडे थोडे थोडे चूकच. यंत्र त्याच खडकावर पाच-दहा मिनिटं ठेवून सरासरी घ्या, उपग्रह-चित्रावर तो खडक शोधून ताळा करा आणि अनिश्चितता मीटरमध्ये सोबत लिहा. दशांश पाच स्थळं पुरेत, पाचवं स्थळ म्हणजे सुमारे एक मीटर. सात स्थळं लिहून अचूकता वाढत नाही, नुसता आव वाढतो. नकाशाचा आधार (अक्षांश-रेखांश ज्यावर मोजतात ती पद्धत) डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसचाच, असल्याचंही लिहाच. जुन्या कागदी नकाशांचा आधार वेगळा असतो, आणि सरमिसळ झाली की तुमचं झाड कागदावर बाजूच्या घळीत जाऊन उभं राहतं.

सग्वारोसाठी (खांबासारखा उंच वाढणारा निवडुंग) पिन उपयोगाची नाही. टेपेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटरचा पट्टा धरा आणि प्रत्येक खोड मोजा. पालोवर्दे आणि मेस्कीटच्या सावलीत गुडघे टेकून बघा. आठ वर्षांचा सग्वारो जेमतेम तीन-चार सेंमीचा असतो, उभ्याने दिसत नाही.

श्रावणसर

हंगामाचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. सोनोरन वाळवंटाला पाऊस दोनदा येतो, हिवाळ्यात आणि जुलै ते सप्टेंबरात, आणि दोन्ही पावसांची एकवर्षायू रोपं वेगवेगळी. मार्चमध्ये तुम्ही फक्त पहिली तुकडी पाहिलीत. उन्हाळी पावसावर उगवणारं कालस्ट्रोमिया, पेक्टिस, जमिनीलगतच्या युफोर्बिया, आखूड ग्रामा गवतं, यांतलं काहीच मार्चमध्ये हिरवं नसतं.

किमान चार फेऱ्या हव्यात: फेब्रुवारीचा शेवट, मार्चअखेर ते एप्रिल, मेचा मध्य (सग्वारो फुलतो) आणि पहिल्या चांगल्या उन्हाळी पावसानंतर चार ते सहा आठवड्यांनी. हिवाळी रोपांना शरदात साधारण २५ मिमीचा एक दमदार पाऊस लागतो. तो चुकला तर बी जमिनीतच राहतं. अशा वर्षी यादीत ‘नाही’ लिहू नका, ‘आढळली नाही’ लिहा, आणि फेरीआधीच्या सहा महिन्यांचा पाऊस शेजारी नोंदवा.

उन्हाळी फेरी पहाटे सुरू करून दुपारी ढग चढायच्या आत तळाबाहेर या. लोंढा यायला घळीत पाऊस पडावा लागत नाही, वर डोंगरात पडला तरी पुरतो. पाणी दिवसाला माणशी चार लिटर.

सराटा

ओळखीबद्दल. पालोवर्देला फुलं नसली तरी अडत नाही. डहाळीचं टोक बघा. टोकच काट्यासारखं टणक होऊन संपत असेल तर तो उतारावरचा पार्किन्सोनिया मायक्रोफायला. पर्णिका अगदी बारीक, चार ते आठ जोड्या, साल पिवळसर हिरवी. काटे पेरांपाशी वेगळे फुटले असतील, पर्णिका मोठ्या आणि दोन ते चार जोड्या, साल निळसर, तर तो ओढ्याकाठचा पार्किन्सोनिया फ्लोरिडा. फुलं आली की वरची पाकळी पाहा: पहिल्यात पांढरट, दुसऱ्यात पिवळी. तुमच्या घळीत दोन्ही असणार, आणि जिथे उतार तळाला मिळतो तिथे शेजारी शेजारीही.

बफेलग्रास म्हणजे आपल्याकडचं अंजन गवत. १९३० च्या दशकात चाऱ्यासाठी आणि धूप थांबवायला अ‍ॅरिझोनात आणलं. दाट वाढतं, वाळलं की पेटतं, आणि सग्वारोला आग सोसत नाही. कणीस कोल्ह्याच्या शेपटीसारखं. त्यातली बोंडं झडल्यावर उरलेल्या काडीवरून बोट फिरवा. सॅंडपेपरसारखी खरखरीत लागली तर तेच. गल्लत होते ती दोन देशी गवतांशी: डिजिटारिया कॅलिफोर्निकाचं कणीस रुपेरी मऊ केसांचं, आणि हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टसची लांब तपकिरी कुसळं एकमेकांत पिळलेली. हे दुसरं म्हणजे आपली कुसळी, आणि ती तिथेही देशीच आहे.

मराठी माणसाची गंमत इथेच होते. हरळी आणि सराटा दिसले की घरचे वाटतात, पण तिथे दोन्ही उपरे. उलट पांढऱ्या मोठ्या फुलांचा धोतरा, डाटुरा राइटाय, तो तिथला मूळ रहिवासी. ओळखीचं वाटलं म्हणून देशी किंवा परकं ठरवू नका, प्रत्येक जातीपुढे वेगळा रकाना ठेवा.

नावं बदलतात तेही सांभाळा. तिथला मखमली मेस्कीट प्रोसोपिस वेलुटिना होता, २०२२ मध्ये प्रोसोपिसचे अनेक गट पाडल्यावर नेल्टुमा वेलुटिना झाला. कॅटक्लॉ हे काटेरी झुडूप आता अकेशिया नाही, सेनेगालिया ग्रेगी. जुन्या आणि नव्या याद्या जुळवताना एकच झाड दोनदा मोजलं जातं. तुमच्या त्या तिपटीतला थोडा फुगवटा याचाच असेल.

वाळवण

नमुन्यांचं. मालकाची परवानगी पहिली, पण ती पुरेशी समजू नका. सगळे निवडुंग, ओकोटियो, अगावे असल्या वनस्पती राज्याच्या कायद्याने संरक्षित आहेत. राज्याच्या कृषी विभागाला आधी विचारा. ज्या हर्बेरियमला नमुने द्यायचे आहेत त्यांच्याशीही आधीच बोला, त्यांना काय नको आहे ते कळतं.

एका जागी किमान वीस रोपं असतील तरच एक घ्या. नाहीतर फोटो: पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, फूल समोरून आणि बाजूने, फळ. क्रिप्टान्थासारख्या बारीक एकवर्षायू रोपांना मात्र फोटो पुरत नाही. जात ठरते ती पिकलेल्या, दीड-दोन मिलीमीटरच्या बियांवरून, १० पट भिंगाखाली. नुसत्या फुलाचा नमुना आणलात तर तो ‘क्रिप्टान्था, जात अनिश्चित’ म्हणूनच पडून राहतो.

नाजूक फुलं जागेवरच कागदात घाला. बंद प्लास्टिक पिशवी उन्हात अर्धा तास राहिली की आतलं सगळं शिजतं. क्रम असा: पुठ्ठा, टीपकागद, घडी घातलेल्या वर्तमानपत्रात नमुना, टीपकागद, पुठ्ठा. पुठ्ठ्याची पन्हळं आखूड बाजूला समांतर हवीत, हवा त्यांतून जाते. रोप ४० सेंमीहून लांब असेल तर व्ही किंवा एन आकारात मोडा, एक पान उलटं दिसेल असं ठेवा. पहिल्या दिवशी टीपकागद बदला, मग पट्टे रोज आवळा, कारण नमुना आक्रसतो. हर्बेरियममध्ये देण्याआधी उणे २० अंशांवर काही दिवस गोठवा, किडे मरतात.

वहीतला क्रमांक आणि नमुन्यावरचा क्रमांक एकच. फुलाचा रंग, वास आणि झाडाची उंची तिथेच लिहा, कारण वाळल्यावर या तिन्ही गोष्टी नमुन्यात उरत नाहीत.

कातळफूल

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. सहा तुकड्यांचा नकाशा करायला घेतलाय, उन्हाळी फेरी ऑगस्टअखेरीस धरतो. एकच अडलंय. चोयाचं (कांड्याकांड्यांचा निवडुंग) कांडं कृषी विभागाला विचारून घेतलं, सहा दिवस दाबून ठेवलं, तरी हिरवंगार आहे. कागद मात्र ओले.

वाळवण

अख्खं ठेवलंत ना? ते अजून जिवंत आहे. सुटून पडलेलं कांडं मुळं धरतं, चोयाचा प्रसारच तसा होतो, आणि दाबपेटीतही ते तोच प्रयत्न करतं. चिमट्याने धरून उभं चिरा, आतला गर चमच्याने खरवडून काढा, नुसती काटे असलेली साल राहू द्या. आतल्या बाजूला मीठ चोळून रात्रभर ठेवा, पाणी सुटेल ते टिपून घ्या, मग दाबा. कागद पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला. एक आडवा काप वेगळा वाळवा, आणि फळ असेल तर तेही उभं चिरून. हातमोजे चामड्याचे घ्या. बारीक कुसं कापडी मोज्यांत रुततात आणि पुढच्या वेळी तुमच्याच बोटांत निघतात.